भिंगरीच्या कार्यक्रमांचे संगीत आणि माझी इतर मालमत्ता

मी, या कागदाखाली सही करणारा, धंद्याने पियानो जुळवणारा, आता कामातून मोकळा, नुकतीच ऐंशी ओलांडलेला, हे सर्व स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शंका असल्यास साक्षीदार डॉक्टरीणबाईंना विचारावे. त्या कालच मला तपासून गेल्या आणि जाण्यापूर्वी बुद्धिबळात माझ्याकडून हरल्या. अक्षर हलते ते वयामुळे, कोणी मानेवर बसले आहे म्हणून नव्हे. यापूर्वी दोनदा मी मृत्युपत्र केले, दोन्ही वेळा रागाच्या भरात. ती दोन्ही रद्द समजावीत. हे मात्र शांतपणे, चहा पिऊन लिहिले आहे.

मी लग्न केले नाही. माझ्या मागे माझी धाकटी बहीण, तिचे यजमान म्हणजे माझे मेहुणे, आणि त्यांची एकुलती एक मुलगी, एवढेच गणगोत. ही माझी भाची बर्फावरच्या स्केटिंगमध्ये जगज्जेती झाली. जग तिला तिच्या कागदोपत्री नावाने ओळखते. माझ्या घरात ती पहिल्या दिवसापासून भिंगरी, आणि या कागदातही ती भिंगरीच राहील.

कलम पहिले : घर.
माझे राहते घर, भिंतीतल्या कपाटांसह, भिंगरीला द्यावे. माझ्या बहिणीला त्यात हयातभर राहण्याचा हक्क असेल आणि तिला कोणी 'किती दिवस राहणार' असे विचारू नये. भिंगरी लहानपणीच इथे राहायला आली, कारण रिंक, म्हणजे स्केटिंगचे बर्फाचे मैदान, माझ्या गल्लीच्या टोकाला आणि बहिणीचे घर गावाच्या पार दुसऱ्या अंगाला. बर्फावर जायच्या आधी ती मधल्या खोलीत उड्या मारून पाही. एकदा खालच्या बिऱ्हाडाच्या छताचा पोपडा थेट त्यांच्या चहाच्या कपात पडला. गृहस्थ तणतणत वर आले.

"तुम्ही घरात म्हैस पाळलीय का?"

मी तोंड उघडण्याआधीच आतून उत्तर आले, "काका, म्हैस हवेत दोन गिरक्या घेऊन एका पायावर उतरते का?"

या गृहस्थांसाठी मी काही ठेवत नाही. भिंगरी जिंकल्यावर 'आमच्याच डोक्यावर घडली ती' असे वर्तमानपत्रवाल्यांना सांगून त्यांनी पुरेसा मान मिळवलेला आहे.

कलम दुसरे : अवजारे.
पान्हा, नादकाटा, तारा दाबून धरायच्या लोकरीच्या पट्ट्या आणि चामड्याची पिशवी हे सर्व पुलाजवळ दुकान असलेल्या दुसऱ्या पियानो जुळवणाऱ्यांना द्यावे. माझी गिऱ्हाइके त्यांनी कधीच नेली. आता अवजारे तरी रीतसर न्यावीत. माणूस गोडबोल्या आहे, पण हात चांगला आहे, हे मी मरणोत्तर कबूल करतो.

कलम तिसरे : टेपा.
हे कलम लांबेल, त्याला इलाज नाही.

भिंगरीच्या प्रत्येक कार्यक्रमाचे संगीत मी निवडले, कापले आणि जोडले. कार्यक्रम साधारण चार मिनिटांचा असतो, आणि मोठ्या संगीतकारांना चार मिनिटांत थांबायची सवय नव्हती. तेव्हा टेप ब्लेडने कापून चिकटवावी लागे. पहिला कार्यक्रम लष्करी चालीवर होता. भिंगरीचे पाय त्या चालीपुढे पळत, मग थांबून तिची वाट बघत. दुसरा एका जुन्या वॉल्ट्झवर. त्या वर्षी निम्म्या मुलींनी तोच वॉल्ट्झ घेतला होता, त्यामुळे परीक्षक पार कंटाळून गेले होते. भिंगरीने वळणे अशी घेतली, की तोच सूर पहिल्यांदा ऐकतो आहोत असे वाटावे. कुमारी गटाचे विजेतेपद तिला तिथे मिळाले. मी टेप कापणारा. पण कुठला सूर किती वेळ धरून ठेवायचा हे मला तिच्या पायांकडे बघून कळू लागले.

तिच्या प्रशिक्षिका म्हणजे शिट्टीबाई. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून हे नाव. त्यांना ते माहीत आहे आणि आवडत नाही. त्यांच्याशी माझे वर्षानुवर्षे वाजले, आणि ते एकाच मुद्द्यावर.

त्या म्हणत, "उडीच्या जागी ढोल हवा."

मी म्हणे, "उडीच्या जागी शांतता हवी. ढोल वाजला की लोक ढोल ऐकतात."

"लोक नाही, परीक्षक. आणि ते झोपलेले असतात."

एका वर्षी त्यांनी हट्टाने अख्खा कार्यक्रम ढोलांवर बसवला. मी नाक मुरडत टेप जोडून दिली. भिंगरीने प्रत्येक थापेवर असे काही पाय रोवले, की सभागृहाच्या शेवटच्या रांगेतली माणसे खुर्च्यांवर उभी राहिली. जगज्जेतेपद त्या कार्यक्रमाचे. शिट्टीबाई त्या वर्षी बरोबर होत्या. हे त्यांना माझ्याकडून लेखी हवे होते. ते इथे मिळाले.

पुढच्याच हिवाळ्यात सरावात भिंगरी वाकडी पडली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणाले, ती चालू लागेल. उडीचे विचारू नका. माझ्या मधल्या खोलीत तिची खाट आली. तिची आई उशाशी बसून असे. भिंगरी भिंतीकडे तोंड करून पडे आणि विचारलेल्या प्रश्नाला मान हलवून उत्तर देई. जी पोर एका जागी टिकत नव्हती तिला तसे पडलेले बघणे आम्हाला जड जात होते.

त्या दिवसांत एका शाळेचा पियानो माझ्याकडे दुरुस्तीला होता. पियानोच्या एका पट्टीला दोन-तीन तारा असतात. त्या अगदी सारख्या जुळल्या नाहीत तर आवाज थरथरतो. पान्हा फिरवत गेले की थरथर मंदावत जाते, आणि मग तारा एक होतात. मी शेजारच्या खोलीत ते करत होतो. अचानक हाक आली.

"मामा, ते मघाचं परत कर."

"काय? मी काही वाजवलंच नाही."

"तेच. तू वाजवत नव्हतास तेव्हा जे वाजत होतं ते."

मी तार पुन्हा उतरवली आणि पुन्हा चढवली. ती म्हणाली, "आजवर मी दुसऱ्यांच्या गाण्यांवर नाचले. हा आवाज लहानपणापासून माझ्या घरातला आहे. मला यावर करायचंय." तिची आई उठून स्वयंपाकघरात गेली. ती रडत होती, पण भिंगरीला जेवायला काय हवे हे तिने तिथूनच ओरडून विचारले, आणि बऱ्याच दिवसांनी तिला नीट उत्तर मिळाले.

ती बरी होईपर्यंत मी ती रचना केली. मी काही संगीतकार नव्हे. सुरुवातीला एकच बेसूर पट्टी, थरथरणारी. मग एकेक तार जुळत जाते, जुळलेल्या सुरांची एक साधी धून होते, आणि शेवटी पुन्हा ती पहिली पट्टी, आता जुळत जाणारी. भिंगरीने शेवटची गिरकी तिथे ठेवली. थरथर मंदावत जाई तसतशी ती हात अंगाशी घेऊन वेग वाढवी, आणि दोन तारा एक होत त्याच क्षणी ती थांबे.

शिट्टीबाईंनी ते पहिल्यांदा ऐकले आणि मला विचारले, "हे संगीत आहे की दुरुस्तीचं काम?"

बुटांच्या नाड्या बांधत भिंगरी म्हणाली, "बाई, माझीपण दुरुस्तीच चालू आहे."

बाई वर्षभर कुरकुरल्या, पण शिकवायच्या थांबल्या नाहीत. स्केटिंग महासंघाचे लोक त्यांच्याहून वरताण. त्यांनी भिंगरीला बोलावून स्वच्छ सांगितले, संगीत बदला, नाहीतर जागतिक स्पर्धेला दुसरी मुलगी जाईल. मी तिच्या शेजारी बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, पोरी, बदल. एवढ्या हालातून उठलीस, माझ्या चार तारांसाठी पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस.

ती म्हणाली, "दुसरीला पाठवा. ती खरंच चांगली आहे. पण मी गेले तर हेच घेऊन जाईन."

त्यांनी निवडचाचणी ठेवली. पहिल्याच उडीला भिंगरी पडली, त्याच खुब्यावर. बहिणीने माझ्या दंडात नखे रुतवली. भिंगरी उठली, पुढच्या सुराला जिथे असायला हवी तिथे पोचली, आणि उरलेला कार्यक्रम असा केला की खाली मान घालून गुण लिहिणाऱ्या निवडकर्त्यांपैकी एकानेही पुन्हा कागदाकडे बघितले नाही. तिची निवड झाली.

जागतिक स्पर्धेत पहिली पट्टी वाजली आणि लोक हसले. यंत्र बिघडले असेच सर्वांना वाटले. तिथल्या ध्वनिव्यवस्थापकाचा हात टेप बंद करायला पुढे गेला. शिट्टीबाईंनी त्याचे मनगट धरले आणि कार्यक्रम संपेपर्यंत सोडले नाही. मी बर्फाच्या कडेला उभा होतो. मी जगात पुष्कळ वाद्ये जुळताना ऐकली आहेत. एक माणूस जुळताना त्या दिवशी बघितला. हसणारे कधी गप्प झाले ते मला कळले नाही, कारण मीही त्यांना विसरलो होतो.

ती तिसरी आली. एका परीक्षकांनी संगीताबद्दल प्रतिकूल शेरा मारला होता. वर्षभर मला दुरुस्तीवाला म्हणणाऱ्या शिट्टीबाई तावातावाने त्यांच्या टेबलापाशी गेल्या आणि सर्वांदेखत म्हणाल्या, "मला स्वतःला हे पटायला वर्ष लागलं. तुम्हाला चार मिनिटांत कुठून पटणार?"

भिंगरीला तिसऱ्या क्रमांकाचे काही वाटले नाही. बूट काढता काढता ती मला म्हणाली, "मामा, शेवटच्या गिरकीत दुखायचं थांबलं होतं." त्यानंतर ती स्पर्धेत उतरली नाही. गेली कित्येक वर्षे ती याच रिंकवर मुले शिकवते.

सबब, जुन्या सर्व टेपा रिंकच्या कचेरीत ठेवाव्यात. शिट्टीबाईंना, त्या हयात आहेत आणि माझ्याहून टणक आहेत, माझी चांगली आरामखुर्ची द्यावी. मात्र त्यांनी तीत खरोखर आराम करावा.

कलम चौथे : मेहुणे.
मेहुणे सुरुवातीला विचारत, "बर्फावर घसरून कोणाचं पोट भरलंय?" पुढे त्याच माणसाने आपल्या मालवाहू गाडीतून लेकीला गावोगावच्या स्पर्धांना नेले. पण आत येऊन एकही कार्यक्रम बघितला नाही. पडली तर बघवणार नाही म्हणून गाडीत बसून राहत, आणि विचारले तर 'डोळा लागला' म्हणत. त्यांना मी भिंगरीच्या कार्यक्रमांच्या चित्रफिती आणि पडदा देत आहे. आता ती पडते कुठे, उठते कुठे, सगळे ठरलेले आहे; न घाबरता बघावे. निवडचाचणी वगळू नये.

कलम पाचवे : जुळणीच्या रचनेचे हक्क.
ही रचना माझ्या मालकीची आहे. महासंघाला ती आता आपल्या संग्रहालयात काचेआड हवी आहे. ज्यांनी ती बदलायला सांगितली त्यांनाच! मी ती भिंगरीला देणार होतो. मागच्या आठवड्यात तिला तसे सांगितले, तर ती म्हणाली, "मला नको, मामा. माझी ती करून झाली. मुलांना दे."

"मुलं तिची वाट लावतील."

"लावू देत. एक मुलगी आहे, तिला ती उलटी करायचीय. जुळलेल्यापासून सुरू करून बिघडत जायचं."

"बिघडत? आणि तू तिला काही बोलली नाहीस?"

"बोलले ना. म्हटलं, करून दाखव."

मला रात्रभर झोप आली नाही, आणि नंतर हसू आले. म्हणून असे ठरवतो, की ही रचना कोणत्याही स्केटरने वापरावी, कापावी, उलटी करावी. परवानगी कोणाची लागणार नाही. महासंघाला प्रत द्यावी, पण काचेआड ठेवण्यासाठी नव्हे, वाजवण्यासाठी. माझ्या बँकेतील शिलकीतून रिंकच्या कर्ण्यांची दुरुस्ती करावी. सध्या डावीकडचा खरखरतो.

कलम सहावे : जे कोणाला देता येत नाही ते.
आज सकाळी हा कागद पुरा करण्यापूर्वी मी काठी टेकत रिंकवर गेलो. शिकवणी संपली होती, मुले गेली होती. भिंगरीने मला पाहिले नाही. अंगात साधा कोट, केस कसेतरी बांधलेले. ती एकटीच बर्फावर उतरली. उडी नाही, गिरकी नाही. मैदानाच्या कडेने एका पायावर एक मोठे, संथ वळण घेत गेली. कर्णे बंद होते. बर्फावर पात्याचा आवाज तेवढा येत होता. तिचे सगळे आयुष्य मी तिच्या पायांखाली सूर अंथरत आलो, आणि आज संगीत नसल्याचे मला ती कठड्याशी येऊन थांबेपर्यंत जाणवले नाही.

"कधीचा उभा आहेस?" तिने विचारले.

"आत्ताच आलो," मी म्हणालो.

हे वळण माझ्या मालमत्तेत मोडत नाही. पण ते माझ्याकडे होते, एवढी नोंद असावी.

वर लिहिलेले मी वाचून पाहिले आणि ते मला मान्य आहे. अंमलबजावणी माझ्या बहिणीने करावी; घरात हिशेबी तीच.

लिहून ठेवणार : (सही) पियानो जुळवणारा

आम्ही दोघांनी वरील सही आमच्या डोळ्यांदेखत होताना पाहिली. त्यांनी ती चष्म्याशिवाय केली.

साक्षीदार पहिली : (सही) डॉक्टर. बुद्धिबळाबाबतचे विधान खरे आहे.
साक्षीदार दुसरे : (सही) रिंकवर बर्फ सपाट करण्याचे यंत्र चालवणारे. ते वळण मीही पाहिले. त्या जागेवरून आज यंत्र फिरवलेले नाही.

ठिकाण : राहते घर, मधली खोली
दिनांक : ११ मार्च, सोमवार