फिनलंडचा कॅप्टन

३ मार्च
आमच्या 'काळा किनारा' या संगीत नाटकाला तीस वर्षं होतायत. ऑक्टोबरात मोठी कॉन्सर्ट, आणि तिचं रेकॉर्डिंगही निघणार. कॅप्टनचं काम लंडनमध्ये पहिल्यांदा मी केलं. पहिल्या रेकॉर्डवर आवाज माझा. जगभरचे कॅप्टन तीच ऐकून शिकले. तेव्हा मला बोलावणार, यात विचारण्यासारखं काही नाही. ग्लेनिस म्हणाली, तरी एकदा विचारून घे. माझ्या बायकोला या धंद्यातलं काही कळत नाही. गळ्यासाठी आजपासून चीज बंद.

४ मार्च
चीज थोडं. घरात होतं ते संपवायला हवंच होतं.

१९ एप्रिल
फोन नाही. सगळं गुपचूप चाललं असणार. म्युझिक डायरेक्टर पर्सी माझा जिवलग. त्याच्या लग्नात त्याच्या शेजारी मीच उभा होतो, दोन्ही वेळा. तो मला विसरणं शक्य नाही. सकाळी रियाज. शेजारच्या मिसेस पिंकनींनी भिंतीवर ताल धरला.

२ जून
पर्सी चहाला आला. मी शेवटचं गाणं म्हणून दाखवलं. तो बराच वेळ कपात बघत बसला. भारावला होता. मग म्हणाला, लेन, शेवटी सगळ्या देशांचे कॅप्टन रांगेत उभे राहून आपापल्या भाषेत एकेक ओळ गाणार आहेत, त्या रांगेत तू आहेसच. आहेसच! ग्लेनिसनं विचारलं, इंग्रजी ओळ तुझी, असं म्हणाला का तो? काही माणसांना भातात खडे शोधायचीच हौस.

११ ऑक्टोबर, तालमीनंतर
इंग्रजी ओळ हल्ली इथे कॅप्टन करणाऱ्या पोराला. दात फार आहेत त्याला. मला फिनलंड! हेलसिंकीच्या कॅप्टनला यायला जमत नाही. त्याचा कोट मात्र आलाय, आणि तो फक्त मला बसतो. पर्सीला कोपऱ्यात घेऊन म्हणालो, अरे, हा कॅप्टन जन्माला घातला तो मी! तो म्हणाला, लेन, ताणू नकोस रे, रांगेत तरी आहेस ना? मित्र म्हणे. उद्यापासून जाणार नाही. ठरलं.

१२ ऑक्टोबर
गेलो. कोट खरंच झकास बसतो.
शिवाय बेत ठरलाय. माझी पाळी आली की मी इंग्रजीतच गाणार. रेकॉर्डिंग चालू असताना काय करतील? कुणाला पत्ता लागू दिलेला नाही. फक्त ग्लेनिसला सांगितलं. तिनं चहात दोनदा साखर घातली. थक्क झाली असेल.

१३ ऑक्टोबर
केलं! छाती फुगवून इंग्रजीत गायलो. ऑर्केस्ट्राचा दणका असा की माझा मलाच आवाज ऐकू येईना, पण अख्खा हॉल उभा राहिला. बाहेर एका फिनिश बाईनं मिठी मारली. म्हणाली, उच्चार अगदी आमच्या घरच्यासारखे. चांगल्या गाण्याला भाषा आड येत नाही. पर्सी नजर चुकवत होता. हरला बिचारा.

८ डिसेंबर
रेकॉर्ड आली. मिसेस पिंकनींनाही ऐकायला बोलावलं. माझ्या जागी कुणीतरी फिनिशमध्ये गातंय. नावही त्याचंच छापलंय.
पर्सीला फोन केला. म्हणाला, तुझा माइक बंद होता. रेकॉर्डसाठी हेलसिंकीच्या कॅप्टननं आपली ओळ गाऊन आधीच पाठवली होती, तीच हॉलमध्ये लावली. इतका नीच! मी म्हटलं, मी इंग्रजीत गाणार हे तुला कळलं कसं? म्हणाला, घरी विचार.
विचारलं. ग्लेनिस म्हणाली, हो, मीच सांगितलं, एवढ्या लोकांत तुझं हसं झालं असतं. म्हणजे मित्रानं आणि बायकोनं मिळून मला फसवलं. फार लागलं मनाला. म्हटलं, निदान तू तरी समोर पहिल्या रांगेत बसली होतीस, मी गात होतो ते तुला कळलं असेल ना?
ती म्हणाली, खरं सांगू का लेन, तो इतका सुंदर गात होता, की तुझ्याकडे बघायचंच राहून गेलं.