आखाताच्या तोंडावरची सही

'एव्दोक्सिया' जहाज, सुएझ
६ ऑक्टोबर १९८७

ती. मार्केलाताईस,
इसिदोरोसचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पिरेअसला निघता निघता हाती पडलं. ताई, मी एकतीस वर्षांचा इंजिनियर आहे. गंजिफ्रॉक रोज बदलतोस ना, असले प्रश्न निदान पाकिटात तरी घालून विचार, उघड्या पोस्टकार्डावर नको. सगळं टपाल आधी कॅप्टनच्या टेबलावर येतं, आणि त्यांनी जेवताना सगळ्यांसमोर मला माझ्या गंजिफ्रॉकांची खुशाली विचारली.

आता खरी बातमी. आम्हाला आखाताच्या तोंडाबाहेर फुजैराला नांगर टाकून थांबायचं आहे आणि मग आखातात शिरून इराणचं तेल भरायचं आहे. तिथे युद्ध पेटलंय आणि दोन्ही बाजूंची विमानं तेलजहाजांवर मारा करतात, हे तुला रेडिओवरून ठाऊक असेलच. कॅप्टननी सगळ्यांना जमवून युनियनच्या करारातलं कलम वाचून दाखवलं. युद्धाच्या टापूत जायला खलाशी नाही म्हणू शकतो. कारण द्यावं लागत नाही. अलीकडच्या बंदरात उतरायचं, घरापर्यंतचं तिकीट मालकाचं आणि नोकरीच्या नोंदवहीवर डाग नाही. जे जातील त्यांना त्या दिवसांचा दुप्पट पगार. जेवणघरात एक कागद लावलाय, एका बाजूला 'जातो', दुसऱ्या बाजूला 'जात नाही'. दहा नोव्हेंबरपर्यंत सही करायची.

पहिली सही आचारी फोतिसची, 'जात नाही'खाली. म्हणाला, सव्वीस वर्षं समुद्रावर काढली, मला कुणी कधी मिठाबद्दलसुद्धा मत विचारलं नाही. आता लेखी विचारतायत, तर नाही म्हणायची हौस भागवून घेतो!

माझी सही अजून कुठेच नाही. क्षेपणास्त्रं म्हणे इंजिनाच्या उष्णतेकडे ओढली जातात, आणि मी इंजिनखोलीत असतो. मागच्या महिन्यात दुसऱ्या एका जहाजाची तीच खोली गेली, दोन माणसांसकट. ताई, मला भीती वाटते. बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस.

लोभ आहेच, तो फक्त पोस्टकार्डावर नको.
तुझा इसिदोरोस

*

कार्दामिला, खिओस
१६ ऑक्टोबर १९८७

चि. इसिदोरोस यास,
अनेक आशीर्वाद.

बाबांना कळू देऊ नकोस म्हणे! तुझं पत्र यायच्या चार दिवस आधी तुमच्या कॅप्टनच्या बायकोने बेकरीच्या रांगेत सगळं सांगून टाकलं होतं. पाव भट्टीतून बाहेर यायच्या आत बातमी धक्क्यावरच्या कॅफेत पोचली, आणि तिथे आपले तीर्थरूप बसलेलेच होते.

त्यांचं काय म्हणणं, ते तू न विचारताही सांगशील. बेचाळीस साली आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. पाणबुड्या असोत की आणखी काही, जहाज सुटलं की आपण त्यावर असायचं. आणि आता म्हणे कागद लावतात, कॉफी घेणार की लिंबूपाणी, तसं! हे रोज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. मिकेसकाका कसा इंजिनासकट अटलांटिकच्या तळाला गेला पण मागे हटला नाही, हे तर कॅफेतल्या खुर्च्यांनासुद्धा पाठ झालंय. या पांडेलिसचा मुलगा 'जातो'खालीच सही करणार, असं छातीठोकपणे सांगून ते मोकळे झालेत.

माझं ऐकशील तर 'जात नाही' म्हण आणि घरी ये. ते कलम काही कुणी दान म्हणून दिलेलं नाही, युनियनने भांडून मिळवलंय. कॅफेतली माणसं चार दिवस बोलतील, पाचव्या दिवशी त्यांना कुणाची तरी बकरी हरवलेली पुरेल. बाबा जास्त दिवस बोलतील, पण त्यांना मी जेवायला घालते, तेव्हा मी बघून घेईन.

गंजिफ्रॉकांचं उत्तर अजून आलेलं नाही.
लोभ असू दे, आणि अक्कलही.
तुझी मार्केला

*

फुजैरा
२४ ऑक्टोबर १९८७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. इथे इतकं गरम आहे की डेकवर अंडं फोडलं तर तळून निघेल. फोतिसने खरंच फोडून पाहिलं, आणि वर मीठही घातलं, स्वतःच्या मताने. आम्ही रोज गळ टाकून माकुळ मासे पकडतो आणि खातो.

'जात नाही'खाली सात, 'जातो'खाली नऊ. मी बहुतेक 'जातो'खाली लिहीन. तुला राग येईल, ठाऊक आहे. पण परत आल्यावर त्या कॅफेसमोरून चालत जायचंय मला. भीती एकवेळ पोटात ठेवता येते ताई, बाबांनी मान फिरवलेली नाही सोसायची.

लोभ कमी करू नकोस.
इसिदोरोस

*

कार्दामिला
२७ ऑक्टोबर १९८७

चि. इसिदोरोस यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर सांभाळून घे. शनिवारी इस्त्रीने अंगठा भाजला. काल संत दिमित्रीचा सण. देवळात द्यायच्या नावांच्या दोन चिठ्ठ्या दरवर्षी मी लिहिते, एक जिवंत माणसांच्या आरोग्यासाठी आणि एक गेलेल्यांच्या शांतीसाठी. यंदा बाबा म्हणाले, चाळीस वर्षं जहाजाची नोंदवही लिहिली, दोन चिठ्ठ्या लिहिता येत नाहीत का मला!

लिहिल्या, सुरेख अक्षरात. पण नोंदवहीच्या प्रत्येक पानावर आधी क्रूस काढायची त्यांची सवय तुला माहीत आहे. आणि वर क्रूस असलेली चिठ्ठी गेलेल्यांची, हे कार्दामिलातल्या चार वर्षांच्या पोरीला ठाऊक असतं, बाबांना नव्हतं. त्यांनी दोन्हींवर काढला.

पाद्रीबुवांनी मृतांसाठीच्या प्रार्थनेत आजी, आजोबा, आई, मिकेसकाका अशी नावं वाचली आणि लगेच दुसरी चिठ्ठी घेतली. 'पांडेलिस' म्हणाले, तर पांडेलिस समोर मेणबत्ती घेऊन उभे! लोक तोंड दाबून हसायला लागले. मग 'मार्केला'. शेजारणीने मी खरी आहे का बघायला मला चिमटा काढला. मीही हसत होते रे.

मग त्यांनी 'इसिदोरोस' म्हटलं. कुणी हसलं नाही. तुझं जहाज कुठे उभं आहे ते सगळ्या देवळाला माहीत होतं.

बाबा तसेच पुढे गेले, पाद्रीबुवांच्या हातातून चिठ्ठी काढून घेतली आणि हा जिवंत आहे, हा जिवंत आहे, असं दोनदा म्हणाले. मग बाहेर कठड्यावर टोपी हातात घेऊन बसून राहिले. कॅफेत गेले नाहीत. जेवले नाहीत. संध्याकाळी माझ्याकडे कागद मागितला. त्यांनी लिहिलेलं मी वाचलेलं नाही. सोबत पाठवते आहे.

तुझी मार्केला

*

२६ ऑक्टोबर

चि. इसिदोरोस यास,
आशीर्वाद. या कागदावर क्रूस काढलेला नाही, बघून घे.

आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, असं मी सांगतो. ते खरं आहे. पुढचं मी कधी सांगितलं नाही. बेचाळीसच्या जानेवारीत कार्डिफला तुझा मिकेसकाका जहाजावर चढेना. बावीस वर्षांचा होता. अधिकाऱ्याला म्हणाला, मला भीती वाटते, मी जात नाही. त्यांनी त्याला दोन दिवस कोठडीत ठेवलं. तुरुंग की जहाज, बोल म्हणाले. समजवायला मला पाठवलं. मी त्याला म्हणालो, आपल्या घराला काळं फासू नकोस. तो माझ्यासाठी चढला. अकराव्या रात्री जहाज बुडालं तेव्हा मी जीव वाचवायच्या होडीत होतो आणि तो खाली इंजिनापाशी.

पंचेचाळीस वर्षं मी ते शौर्य म्हणून सांगत आलो, कारण दुसरं काही सांगवत नव्हतं. आज माझ्याच हाताने तुझं नाव त्याच्या नावाखाली गेलं.

तुला विचारलंय. तुझ्या मनात असेल ते लिही. जावंसं वाटलं तर जा, पण कॅफेसाठी जाऊ नकोस आणि माझ्यासाठी तर मुळीच नको. तू कसाही आलास तरी मी धक्क्यावर उभा असेन.

तुझा बाप,
पांडेलिस

*

फुजैरा
११ नोव्हेंबर १९८७

ती. बाबांस,
इसिदोरोसचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र परवा दुपारी आलं, मुदतीच्या आदल्या दिवशी. ताईचंही. ते वाचून मी हसलो आणि मग इंजिनखोलीत जाऊन बराच वेळ रडलो. तिथल्या आवाजात कुणाला कळत नाही.

'जात नाही'खाली सही केली. आता आम्ही दहा जण आहोत. शनिवारी विमानाने निघतो, फोतिस सोबत आहे आणि वाटेत कुठे जेवायचं हे त्याने आत्ताच ठरवून टाकलंय. आमच्या जागी कंपनी दुसरी माणसं आणणार आहे. कुठून ते ठाऊक नाही, आणि त्यांच्यापुढे कुणी असा कागद ठेवेल का, तेही ठाऊक नाही. ते मनातून जात नाही.

ताईला सांगा, सगळे गंजिफ्रॉक धुतलेले आहेत. तुमचा लोभ या पत्रात दिसला, आता धक्क्यावर दिसू दे.

एक सांगायचं राहिलं. माझ्या नावाखाली मी मिकेसकाकाचंही नाव लिहिलं. कॅप्टननी विचारलं, हा कोण, आपल्या यादीत नाही. मी म्हटलं, इंजिनखोलीतलाच आहे, त्याने आधीच सांगितलं होतं, तेव्हा कुणी लिहून घेतलं नाही. त्यांनी ते खोडलं नाही.

तुमचा,
इसिदोरोस