लेखकाच्या रकान्यातलं नाव

सोमवार, ४ मार्च

साहेबांनी बोलावलं. आठ आठवडे उरलेत माझे — तीस एप्रिलला सुटका! — आणि यांना आत्ता जाग आली. "तुमच्या डोक्यात आहे ते सगळं कागदावर हवं. तुम्ही गेल्यावर विचारायचं कुणाला?"

मी म्हटलं, टाक्यांच्या प्रोग्रॅमची साडेआठशे फंक्शन्स आहेत, म्हणजे एकेका कामाचे साडेआठशे तुकडे, एकेकाची माहिती लिहायची तर आणखी तीन वर्षं ठेवून घ्या मला. हसले नाहीत. म्हणाले, तुम्ही लिहायचं नाहीच आहे. आता प्रोग्रॅम मिळतो. प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर आपण कॉमेंट लिहून ठेवतो ना, ती तो उचलतो, नीट मांडतो, आणि डॉक्युमेंटेशनचं पुस्तक तयार. काम चिमणीकडे दिलंय. चिमणी म्हणजे आमच्यातली सर्वांत नवी. आवाज तेवढा चिमणीचा, नजर घारीची.

गंमत वाटली. कॉम्प्युटर कॉमेंट वाचतच नाही, ओलांडून पुढे जातो. ती माणसानं माणसासाठी लिहिलेली असते — हे फंक्शन काय करतं, त्याला काय द्यायचं, ते काय परत देतं, कुठे जपायचं. इतकी वर्षं तिला कुणी हिंग लावून विचारलं नाही. आता तिचंच पुस्तक!

मंगळवार, ५ मार्च

चहा संपायच्या आत नऊशे बारा पानं!! शहराच्या नऊ टाक्या, त्यांचे पंप, व्हॉल्व्ह, सगळं ओळीनं, प्रत्येक कॉमेंटखाली त्या फंक्शनचा कोड, अनुक्रमणिकेसकट. आणि प्रत्येक फंक्शनच्या तळाशी — "लेखक", पुढे माझं नाव. तेही तो प्रोग्रॅम कॉमेंटमधूनच उचलतो.

दुपारी जेवण गेलं नाही.

शुक्रवार, ८ मार्च

साहेब खूश. पाणीखात्याची माणसं पुढच्या महिन्यात तपासणीला येणार, त्यांच्यापुढे ठेवायला आयतं पुस्तक मिळालं. शिवाय एक प्रत जाड पुठ्ठ्यात बांधून, वर माझं नाव छापून, निरोपाच्या दिवशी मला देणार. सगळ्यांसमोर म्हणाले, "एकट्या माणसाचं काम आहे हे, एकट्याचं!" टाळ्या झाल्या.

मी म्हटलं, "अहो, कसलं एकट्याचं..." सगळ्यांना तो विनय वाटला. मीही तो विनयच आहे असं वाटू दिलं.

रविवार, १० मार्च

लिहून टाकतो. ही वही कुणी वाचत नाही.

आम्ही दोघं एकाच वर्षी लागलो या ऑफिसात. ही आणि मी. तिसऱ्या मजल्यावर एकच टेबल, मध्ये एक प्रिंटर. टाक्यांचा प्रोग्रॅम दोघांनी मिळून लिहिला. लेक दोन वर्षांची होती तेव्हा आईनं अंथरूण धरलं. कुणी तरी एकानं घरी राहायला हवं होतं. कुणी, यावर आमचं बोलणंच झालं नाही. ही राहिली.

तरी वर्षभर हिला ऑफिसातून फोन यायचे. फंक्शनवर हिचं नाव, मग लोक हिलाच विचारणार. एका हातात आईचा औषधाचा चमचा, कडेवर लेक, खांद्यानं धरलेला फोन, आणि ही सांगतेय कुठला व्हॉल्व्ह आधी बंद करायचा. मला ते बघवेना. एका दुपारी मी सगळ्या फाइलींत एकदम बदल केला. जिथे हिचं नाव, तिथे माझं. चार सेकंद लागले. हिचा त्रास वाचावा एवढाच हेतू होता.

एवढाच? त्याच कॉमेंटमध्ये "संपर्क" असा वेगळा रकाना होता. तिथे माझं नाव टाकलं असतं तरी फोन थांबले असते. मी "लेखक" बदलला. हिला सांगितलं नाही. बावीस वर्षं झाली.

मंगळवार, १२ मार्च

चिमणी विचारत होती, "सर, पाण्याची पातळी तीनदा वाचून मधला आकडा धरायचा, हे सुचलं कसं हो तुम्हाला? साधं आहे, पण भारी आहे!"

नेहमीची गोष्ट सांगितली. टाकीवर चढलो, आत वाकून बघितलं, पाणी भरताना लाटा उठतात आणि तरंगणारा गोळा नाचतो, म्हणून एकदा वाचून भरवसा ठेवायचा नाही. पंधरा वर्षं सांगतोय ही गोष्ट, दर नव्या माणसाला. आजही रंगली.

जागेवर येऊन बसलो आणि आठवायला लागलो. शिडी कुठल्या बाजूला होती? झाकण लोखंडी की सिमेंटचं? काहीच आठवेना.

शुक्रवार, १५ मार्च

कपाटाच्या तळाशी जुनी डिस्क सापडली. मी नावं बदलण्याच्या आधीची. चिमणीला म्हटलं, जरा यावरही तुझा तो प्रोग्रॅम चालव. का, ते तिनं विचारलं नाही. पानं निघाल्यावर मात्र माझ्याकडे न बघता पाणी प्यायला निघून गेली.

सहाशे दहा फंक्शन्स. माझी दोनशे आठ. हिची चारशे दोन.

आणि मी निम्मंनिम्म धरून चाललो होतो!

तीनदा वाचायचं फंक्शन हिचं. कॉमेंट अशी — "पातळी एकदा वाचून विश्वास ठेवू नका. तीनदा वाचा, मधली धरा. टाकीवर जाऊन पाहिलं आहे." खाली तारीख. त्या आठवड्यात मी बाहेरगावी ट्रेनिंगला होतो. हिला सातवा महिना होता. सातव्या महिन्यात ही बाई त्या शिडीवर चढली होती!

मी खोटं बोलत नव्हतो. मला खरंच वाटत होतं की मी चढलो. हे खोटं बोलण्याहून वाईट आहे. आयत्या बिळावरचा नागोबा निदान बीळ आपण खणलं असं तरी समजत नाही.

रविवार, १७ मार्च

सांगायचं ठरवून पुस्तकाची प्रत घरी आणली. नव्या नावाची, म्हणजे माझ्या नावाची. आणली आणि वर्तमानपत्राखाली सरकवली. शूर माणूस!

हिनं पेपर उचलला. "हे काय?"

"ऑफिसचं."

चष्मा लावून उभ्याउभ्याच चाळायला लागली. मग खुर्ची ओढली. गॅसवरचं दूध उतू गेलं, तरी उठली नाही. मीच उठून गॅस पुसला. एवढा वेळ पुसला की ओट्यावर डाग म्हणून उरला नाही.

बुधवार, २० मार्च

अजून वाचतेय. हातात पेन्सिल. पान चारशेच्या पुढे. खाई त्याला खवखवे — मी तिच्या पेन्सिलीचा आवाज ऐकत बसतो.

शनिवार, २३ मार्च

आज संध्याकाळी पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. मधूनमधून कागदाच्या पट्ट्या घातलेल्या. अकरा.

"या अकरा ठिकाणी कॉमेंट चुकलीय," ही म्हणाली. "खाली काम वेगळंच चाललंय. मागाहून तुम्ही फंक्शन बदललंत आणि वरची कॉमेंट तशीच ठेवलीत. हे पुस्तक वाचून कुणी पंप चालवला तर पाणी रस्त्यावर येईल." मग पट्ट्या सारख्या करत, आवाज न चढवता — "नाव बदलायचं तेवढं बरं लक्षात राहिलं."

बाल्कनीत कपडे काढायला गेली. मी मागे गेलो. सगळं सांगितलं. फोन, आईचं औषध, ती दुपार, चार सेकंद. टाकीवरची गोष्टही. ही उशांचे अभ्रे घडी करत ऐकत होती. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"फोन एकाएकी बंद झाले," ही म्हणाली. "मला वाटलं, माझं सगळं काढून तुम्ही लोकांनी नव्यानं लिहून घेतलं. टाकाऊ असणार म्हणूनच काढलं असेल. सासूबाई गेल्यावर तुम्ही दोनदा विचारलंत, परत येतेस का. कुठल्या तोंडानं येणार होते मी?"

मी दोरीवरचा टॉवेल काढून हिच्या हातात दिला.

"म्हणजे अजून चालतंय ते?"

"रोज."

"सगळं?"

"बारा काढली. तीनशे नव्वद चालू आहेत."

ही खाली रस्त्याकडे बघत राहिली. समोरच्या बाईनं पाइप लावून गाडी धुवायला काढली होती. ते पाणी कुठल्या टाकीचं, ते हिलाही ठाऊक आणि मलाही. मग कपडे घेऊन आत गेली. रात्रीचं जेवण शेजारी बसून केलं.

माझ्या हातून काय झालं ते आज कळलं. नाव घेतलं ते एक वेळ परत देता येईल. बावीस वर्षं हिनं स्वतःला टाकाऊ समजण्यात काढली, ती कुठून आणू? मला लाज वाटते. सरळ लिहितो — लाज वाटते.

सोमवार, २५ मार्च

साहेबांना सांगितलं. खुर्ची मागे रेलली, पुढे आली.

"आता कोण बघतंय हो ते?"

"मी बघतोय."

"पाणीखात्याला सांगू काय? ज्या बाई बावीस वर्षांपूर्वी—"

"तेवीस."

"—तेवीस वर्षांपूर्वी सोडून गेल्या, त्यांच्या कोडवर शहर पाणी पितंय?"

"तसंच आहे ते."

"वहिनींचं काही म्हणणं आहे का?"

"त्यांचं म्हणणं असं की अकरा चुका आहेत." पट्ट्या दाखवल्या. साहेबांचा चेहरा उतरला. तपासणीत एक जरी निघाली असती तर कंत्राट बोंबललं असतं. बराच वेळ पट्ट्या वाचत बसले. मग म्हणाले, आतली नावं दुरुस्त करा, पण मुखपृष्ठावर तुमचंच राहू दे, निरोप तुमचा आहे. मी म्हटलं, मुखपृष्ठावरही दोन नावं, हिचं आधी, नाही तर मला प्रत नको. माझं भाषणही नको.

"मग मी बोलू काय त्या दिवशी?" बिचारे खरंच काळजीत पडले. भाषण लिहून तयार होतं म्हणे.

बुधवार, २७ मार्च

नावं परत लावायला घेतली. एकेक फंक्शन उघडून, कॉमेंट वाचून, हातानं.

चिमणी म्हणाली, "सर, एका ओळीत होईल. चार सेकंद!"

"एका ओळीतच झालं होतं, बाई."

ती खुर्ची घेऊन शेजारी बसली. ती जुन्या डिस्कवरून सांगते, मी लिहितो.

गुरुवार, ४ एप्रिल

दोनशे सहा झाली. बावीस वर्षं मी या कॉमेंट्सवरून नुसता खाली उतरलो. आता वाचतोय. "इथे घाई करू नका, व्हॉल्व्हला बंद व्हायला नऊ सेकंद लागतात, मोजले आहेत." "हा आकडा मला पटत नाही, पण पंपवाला म्हणतो म्हणून ठेवला आहे. तो तीस वर्षं तिथे आहे." "हे फंक्शन माझ्या शेजाऱ्यानं चांगलं सोपं केलं, मी फार लांबवलं होतं." शेजारी म्हणजे मी. माझ्या वाट्याचं श्रेय हिनं तिथल्या तिथे लिहून ठेवलं होतं.

घरी आलो. हिला म्हटलं, पंपवाल्याचा आकडा बरोबर निघाला हं. "निघणारच," म्हणाली, आणि परत पुस्तकात. एवढंच बोलणं. पण चहा दोन कप केला होता.

शुक्रवार, १२ एप्रिल

तीनशे नव्वद पूर्ण. अकरा चुकाही दुरुस्त केल्या, हिनं पट्ट्यांवर लिहून दिलं तशाच. चिमणीनं प्रोग्रॅम पुन्हा चालवला. नवी पानं घरी नेऊन हिच्यापुढे ठेवली. हिनं नाव पाहिलं नाही. पट्ट्यांची अकरा पानं तेवढी उघडून तपासली. एका ठिकाणी माझा आकडा चुकला होता.

मंगळवार, ३० एप्रिल

निरोप झाला. मुखपृष्ठावर दोन नावं, हिचं आधी. ही आली नाही, "तुमचा दिवस आहे," म्हणाली. साहेब तीन मिनिटंच बोलले. मग मी टाकीवर कोण चढलं होतं ते सांगितलं. टाळ्या उशिरा वाजल्या, पण वाजल्या.

सोमवार, ६ मे

आज घरात एकटा. ही साडेआठलाच गेली. ऑफिसला! वर्षभरासाठी घेतलंय हिला, पुस्तकातली प्रत्येक कॉमेंट कोडशी ताडून बघायला. तपासणीच्या लोकांनीच विचारलं म्हणे, या बाई कुठे असतात. चिमणीला आठवडाभर माहीत होतं. मला हिनं काल संध्याकाळी सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं.

दारात म्हटलं, "काही अडलं तर मला फोन कर."

पर्स खांद्याला लावता लावता म्हणाली, "कशाला? कॉमेंट्स माझ्याच आहेत ना!"