काळ्या पानांचं एल्डर

फ्यून बेट, डेन्मार्क, जून

रान्हिल्ड,

तू आईला दिलेलं काळ्या पानांचं एल्डरचं झुडूप यंदा पहिल्यांदाच फुललं. गुलाबी फुलं, तू म्हणाली होतीस तशीच. हे पत्र टपालपेटीत टाकायचं बळ माझ्यात नाही. आई गेल्यावर फेब्रुवारीत कात्री उचलायचंही त्राण नव्हतं, म्हणून झाड तसंच राहिलं.

एरवी दरवर्षी मीच ते गुडघ्याएवढं छाटायचे. आईला पानं दाट, काळीभोर हवी असायची. फुलं गेल्या वर्षीच्या जुन्या फांदीवरच येतात, छाटलं की येत नाहीत, हे मला पहिल्यापासून माहीत होतं.

तुझं दुसरं बाळ पोटातच गेलं, त्या जूनमध्ये जेवताना आई तुला म्हणाली, "तुझं झाड तुझ्यासारखंच बाई! नुसतं नटवं. ना फूल, ना फळ." तू ताट सारून उठलीस, ती नऊ वर्षं आली नाहीस. आईच्या मातीलाही नाही.

छाटण्याआधी एल्डरच्या झाडात राहते म्हणतात त्या म्हातारीची तीनदा परवानगी मागायची, ही आपली रीत मी कधी चुकवली नाही. ती गप्प राहिली की होकार समजायचा.

त्या दिवशी तुला बोलून आईनं माझ्याकडे पाहिलं होतं. मी गप्प राहिले.

तुझी थोरली बहीण,
सिग्ने