असा परिवार आहे

आई,

तुझी लेक ठणठणीत आहे, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

आमच्या कॉलेजचं वर्तमानपत्र माहीत आहे ना? गावातला एक नळ बिघडला तरी पहिल्या पानावर छापतो, तेच. त्याच्या प्रती झेरॉक्सवाल्या काकांकडे निघायच्या. गेल्या आठवड्यात काका गेले. बातमी मीच लिहिली.

काकूंनी स्वतः दुकान उघडलं. "त्यांनी तुमचा अंक कधी अडवला नाही," म्हणाल्या. कागद मशीनवर ठेवताना शेवटच्या ओळीवर थांबल्या: 'त्यांच्या पश्चात पत्नी असा परिवार आहे.' निधनवार्तेत तसंच लिहितात गं, सवयीने लिहून गेले.

"एकट्या बाईला परिवार म्हणतात होय?"

मी ती ओळ खोडायला पेन काढलं. मग त्याच म्हणाल्या, "राहू दे. वाचायला बरं वाटतंय." आणि बटण दाबलं.

बाबांच्या बातमीत 'पत्नी व एक मुलगी' होतं. त्यातली मुलगी इथे येऊन बसली आहे.

एकटीपुरता स्वयंपाक करतेस ना, की चहावरच भागवतेस? खरं सांग.

तुझा,
परिवार