बन्सीच्या गाडीतलं पातळ तेल

दौलताबाद,
शुक्रवार, १५ फेब्रुवारी १९७४

चिरंजीव बन्सीस आप्पांचे अनेक आशीर्वाद. वि. वि. रविवारच्या शर्यतीत गाडी चालवू नकोस अशी तार आज दुपारी तुला केली आहे. गेल्या साली आई आजारी म्हणून खोटी तार करून मी तुझी शर्यत बुडवली. पण ही खरी मान, बाबा. तारेत सगळं मावेना, म्हणून हे पत्र.

तुझी ती दोन सीटांची लाडकी महिनाभर शहागंजात इलियासच्या गॅरेजात होती. आखूड स्प्रिंगा घालून त्यानं ती चार बोटं खाली बसवली, धक्के झेलणाऱ्या शॉकअपमध्ये दाट तेल भरलं. मागल्या सोमवारी तो लग्नाला जालन्याला गेला. मी त्याच्याकडच्या फकिरा मिस्त्रीशेजारी बसून एक चक्कर मारली, तर कंबर खिळखिळी झाली. तुझी पाठ आधीच दुखरी. तुझी आई त्यावरून रोज टिपं गाळते. मी फकिराला म्हटलं, बन्सीनं कळवलंय, पातळ तेल घाल. त्यानं एका शब्दानं विचारलं नाही. माझ्या वर्गात चौथीत मागल्या बाकावरून काय गोड कविता म्हणायचा तो. अजून नट आवळताना त्याच चालीवर गुणगुणतो. मास्तर खोटं बोलतील हे त्याच्या मनात यावं तरी कसं?

गाडी ट्रकनं तुझ्याकडं रवाना झाली. आज इलियास परतला आणि त्याला हे कळलं. म्हणाला, इतक्या खाली बसवलेल्या गाडीत पातळ तेल म्हणजे एकदा आपटली की उसळतच राहणार, घाटाच्या वळणावर चाकं रस्ता सोडणार. वरून पाहणाऱ्याला काही दिसायचंही नाही.

हात जोडतो रे. माझ्यावर नसला तरी जिवावर लोभ ठेव.

तुझे आप्पा


नाशिक,
मंगळवार, १९ फेब्रुवारी

तीर्थरूप आप्पांच्या पायी बन्सीचा दंडवत. वि. वि. तुमची तार शनिवारीच मिळाली. मी हसलो. माझा दोस्त सांडू, त्यालाही वाचून दाखवली. तोही लई हसला. पत्र काल आलं.

रविवारी ऐन शर्यतीच्या सकाळी माझी पाठ धरली, उठवेना. म्हणून माझ्या जागी सांडू बसला. तिसऱ्या वळणावर गाडी दोनदा उसळली आणि कठड्यावर गेली. त्याचा डावा पाय गुडघ्याखालून काढला. शुद्धीवर आल्यापासून तो मला एकच विचारतो, त्याचं काय चुकलं. त्याची आई चतुराबाई तर गाडी मोडली म्हणून माझीच माफी मागते.

मी कुणाला बोललो नाही. तुमचं पत्र जाळतो. फकिरालाही गप्प राहायला सांगा. आईला कळू देऊ नका. माझी माया आहे तशीच आहे.

आपला,
बन्सी


दौलताबाद,
शुक्रवार, २२ फेब्रुवारी

चिरंजीव बन्सीस आशीर्वाद. वि. वि. फकिराला काही सांगायची गरज पडली नाही. बातमी कळल्यापासून तेल आपल्याच चुकीनं पडलं असं तो इलियासला सांगत सुटलाय. माझं नाव घेत नाही. इलियासनं त्याला कामावरून काढलं होतं. मी जाऊन खरं सांगितलं तेव्हा परत घेतलं. तुझ्या आईलाही सांगितलं. 

मला झाकू नका रे, दोघांनीही.

रविवारी सकाळच्या एस.टी.नं निघतो. आधी दवाखान्यात जाईन. त्या पोराचं काहीच चुकलं नव्हतं, हे त्याला त्याच्या आईदेखत सांगायचं आहे. पुढं ती माउली काय म्हणेल ते ऐकून घेईन. तू मला अडवायला दारात थांबू नकोस.

लोभ मागायला तोंड नाही.

आप्पा