कानावरची नागीण

११ नोव्हेंबर, मंगळवार
दोन्ही कान काळे-जांभळे! आरशात पाहिलं आणि दिवाच बंद केला. गालांवरही जाळीसारखे डाग. हात लावला की आग होते.
धर्मेशला फोन केला. लग्नांचं लायटिंग आम्ही दोघं मिळून करतो. शनिवारी डोंगरीला काम संपल्यावर कोकेनही मिळूनच ओढलं. तो हसला — "मला काय नाय झालं. तुझंच रक्त खराब!"

१२ नोव्हेंबर
आई म्हणाली, "नागीण हाय." गेरू उगाळून कानांना, गालांना लावला. नागिणीची दोन्ही तोंडं मिळाली की माणूस जातो म्हणतात. म्हणून नाकावर गेरूची उभी रेघ ओढली. दोन्हीकडचे डाग भेटू नयेत.
पावडरचं तिला सांगितलं नाही. येत्या तेवीसला बहिणीचा, भूमिकाचा साखरपुडा. मुलीचा भाऊ पावडर घेतो हे त्या लोकांना कळलं तर?

१४ नोव्हेंबर
शेजारच्या चंपाकाकी दारातूनच — "कंच्या नागिणीच्या वाटेला गेलास रं?" सगळे हसले. मीही.

१६ नोव्हेंबर
डाग नाकापाशी आलेत. नागीण नाही, मला माहीत आहे. तरी आरशात रेघच बघतो — ओलांडली का?

१८ नोव्हेंबर, मंगळवार
बेव्हर्ली पार्कच्या स्किन डॉक्टर, सुचेता मॅडम. एकटाच गेलो. त्यांनी गेरू पुसला, अपॉइंटमेंट घेताना सांगितल्यावरून काल दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट वाचला. "कोकेन घेतोस?"
"नाही."
"इथे तुझी आई नाहीये. बोल."
बोललो. त्यात म्हणे जनावरांच्या जंतांचं औषध मिसळलेलं असतं — लेव्हामिसोल. अक्षरं विचारून घेतली. त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या सुजतात. कान मरत चाललेत! रक्तातल्या पांढऱ्या पेशीही फार उतरल्यात. "साधा ताप जिवावर बेतेल. आजच ॲडमिट हो."
म्हटलं, घरी सांगून येतो.

१९ नोव्हेंबर
नाही सांगितलं. अंगात कसर आहे, बारीक ताप.

२० नोव्हेंबर, गुरुवार
सांगितलं. ताप, ॲडमिट, सगळं. आईचा हात थांबला नाही, गेरू लावतच राहिली.
"मना ठाव हाय. तुज्या पँटीन पुडी गावली, पयल्याच दिशी. नागीण लोकांना सांगता येते. ह्ये न्हाय. रविवारचा साखरपुडा होऊ दे, मंग जा हॉस्पिटलान."
ताप चढलाय. मी बरं म्हणालो.